सिमेंटच्या भाकऱ्या

आषाढातली सकाळ होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसाचा एक तुकडाच दिसतो, जास्वंदीच्या अलीकडचा. त्या तुकड्यात मी स्वतः ओतलेल्या फरशांपैकी बरोबर एक येते, तिसरी. आई तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला निघाली होती. पाऊस धो धो पडत असताना तुळशीला पाणी कशाला, हे मी विचारायचं कधीच सोडून दिलंय. ती तिसऱ्या फरशीपाशी आली, थबकली, साडी घोट्याच्या वर उचलली आणि फरशी सोडून सरळ शेजारच्या चिखलात पाय घातला. चपक असा आवाज आतपर्यंत आला. मग ती जास्वंदीआड गेली. इकडे गॅसवर चहा उतू गेला होता.

अख्खा मे महिना मी ज्या चिखलासाठी घाम गाळला होता, त्याच चिखलात ती उतरली होती, आणि तेही फरशी शेजारी असताना. परत आल्यावर विचारलं, तर पदराला हात पुसत म्हणाली, "पिंपळ आहे ना गं तिच्यावर. पिंपळावर पाय कसा देऊ?"

एवढंच. पण ते मला पंधरा दिवस टोचत राहिलं.

आमचं घर नेरुळमधलं जुनं रो-हाउस. आमच्या ओळीतली बहुतेक घरं आता दोन-दोन मजले वर चढली आहेत, आणि चढताना प्रत्येकाने पुढची-मागची माती पेव्हर ब्लॉकखाली झाकून टाकली आहे. आमच्याकडे मागच्या दारापासून तुळशीपर्यंत अठरा फुटांची मातीची पट्टी अजून उरली आहे. खाली भरावाचा मुरूम, वर बाबांनी वर्षानुवर्षं कुठून कुठून आणून टाकलेली माती. जूनमध्ये दोन सरी झाल्या की तिचा असा काही लगदा होतो की चपला तिथेच राहतात आणि पाय पुढे जातो. दोन वर्षांपूर्वी आईची चप्पल अशीच रुतली आणि ती जास्वंदीला धरून कशीबशी सावरली. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की इथे काहीतरी करायचं. पेव्हर ब्लॉक नको, ते घालायचे तर मग बाग कशाला म्हणायची. मधे माती, गवत, मुंग्या, सगळं राहू दे आणि पाय ठेवायला तेवढे गोल दगड. लोक याला स्टेपिंग स्टोन म्हणतात. मराठी शब्द मी बरेच दिवस शोधला. पायठाण म्हणून पाहिलं, टप्पे म्हणून पाहिलं, काही जमेना. आईने मात्र पहिली फरशी साच्यातून निघाल्या निघाल्या नाव ठेवून टाकलं: "ही बघा हिची सिमेंटची भाकरी." तेच राहिलं.

विकत मिळतात. पण मी एका रात्री लागोपाठ सात-आठ व्हिडिओ पाहिले होते आणि त्यातली माणसं इतक्या सहज, एका हातात कॉफीचा मग धरून, हे करत होती की मला वाटलं, यात काय आहे? हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटची गोण मागितली, तेव्हा दुकानदाराने माझ्या मागे कोणी पुरुषमाणूस उभा आहे का ते पाहिलं. "ताई, काम काय आहे? गवंडी पाठवू का?" मी म्हटलं, बागेत थोडं काम आहे. "मग सुट्टं घ्या की, पंधरा किलो बास होईल." पण दुकानदाराने सुचवलेलं ऐकायचं नाही, हा बाबांचा गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. मी पन्नास किलोची अख्खी गोण घेतली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

साचे म्हणून कुंडीखाली ठेवायच्या बारा इंची प्लास्टिकच्या ताटल्या घेतल्या. वाळू आणि बारीक खडी शेजारून आली. शेजारचं रो-हाउस पाडून नव्याने उभं राहत होतं आणि त्यांचा ढीग आमच्या कुंपणाला टेकलेला होता. तिथल्या गवंडीमामांना विचारलं तर त्यांनी दोन घमेली खडी आणि चार घमेली वाळू अशीच दिली. वाळू म्हणजे नदीची नव्हेच, क्रश सँड, दगड भरडून केलेली. तळहातावर घेतली की टोचते. नदीच्या वाळूच्या कणांना प्रवासाने गोलाई येते, हिच्या कणांना अजून सगळ्या कडा शाबूत असतात.

पहिल्या खेपेला चार भाकऱ्या केल्या आणि चारही फुकट गेल्या. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, तीन खडी हे प्रमाण मी पाठ केलं होतं. पाण्याचं मात्र कोणी नीट सांगितलं नव्हतं. कोरडा माल कालवायला जड जातो, म्हणून मी पाणी ओतत गेले. छान सरसरीत झाला, ताटल्यांत आपोआप पसरला, वर आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग आला. मी खूश. कुंपणापलीकडून गवंडीमामा बघत होते. म्हणाले, "ताई, ही तर कढी झाली." दुसऱ्या दिवशी काढल्या आणि पापड वाळत घालावेत तशा गच्चीवर मेच्या उन्हात मांडल्या. दोन दिवसांनी पहिली उचलली, तर ती कडक बिस्किटासारखी मधोमध मोडून अर्धी हातात आली. मामांनी तुकडा बोटाने चोळला, पिठासारखी पूड पडली. "वाळवायचं नसतंय हो. पाजायचं असतंय."

हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं मी आयुष्यभर समजत होते. ते वाळत नाही, ते पाणी पितं. पाण्याशी त्याचा संयोग होऊन आत सूक्ष्म स्फटिक आणि चिकट जाळी तयार होते आणि तीच वाळूला, खडीला कवटाळून धरते. म्हणून ते पाण्याखाली बुडवून ठेवलं तरी घट्टच होतं, उलट जास्त चांगलं. पण संयोगाला लागतं त्याहून जास्त पाणी आत घातलं, तर ते नंतर उडून जातं आणि मागे सगळीकडे बारीक पोकळ्या सोडून जातं. म्हणजे आतून पाणी कमी, बाहेरून पाणी भरपूर. सात दिवस तरी ओलं ठेवायचं, आणि पूर्ण ताकदीचा हिशोब अठ्ठावीस दिवसांनी करायचा. लीड्समधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या एका गवंड्याने १८२४ साली याचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ते इंग्लंडातल्या पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. शोध गवंड्याचा होता हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या कुंपणापलीकडे त्याचाच भाऊबंद उभा होता.

दुसऱ्या खेपेला आई दाराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली. मी पाणी घालायला लागले की "बास, बास" सुरू. तिने आयुष्यात सिमेंटला हात लावलेला नाही, पण कालवण्याच्या कुठल्याही गोष्टीत आपल्याला मत आहे असं तिला वाटतं, आणि ते खरं निघालं. "मुटका वळून बघ," ती म्हणाली. "मुठीत दाबलं की मुटका राहिला पाहिजे, आणि हाताला पाणी सुटता कामा नये." मी मुटका वळला. राहिला. मामांनी पलीकडून मान डोलावली. हे सगळं मी हातमोज्यांशिवाय करत होते, हा शहाणपणा तिसऱ्या दिवशी बाहेर आला. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी आलं. ओलं सिमेंट चुन्यासारखंच भाजतं. रात्री आईने माझे हात मांडीवर घेऊन त्यांना तूप चोळलं. कितीतरी वर्षांनी. तिची बोटं आता गाठाळ झाली आहेत आणि ती चोळताना मधेमधे थांबत होती. मला वाटलं, तिला झोप येतेय.

पानांची कल्पना व्हिडिओतलीच, पण अळू माझं. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे आमच्याकडे पिढीजात अळू आहे. अळवाचं पान उलटं करून पाहिलंय कधी? वरून नुसतं हिरवं मखमल, पण पाठीला शिरा अशा उठून आलेल्या असतात की बोटाने वाचता याव्यात. मधला जाड दांडा, त्याला फुटलेले फाटे, त्यांना जोडत कडेकडेने गेलेली एक बारीक शीर, नकाशावर खाडीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यासारखी. ताटलीला तेलाचा हात फिरवायचा, पान पाठ वर करून तळाशी चिकटवायचं आणि वरून माल हळूहळू ओतून थापायचा, ताटली जमिनीवर दोन-चारदा आपटायची म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. चोवीस तासांनी उलटी केली की ओली, काळपट-राखाडी भाकरी थप्पकन बाहेर येते. पान तिच्या तोंडाला चिकटलेलं. ते एका कोपऱ्यातून सोलून काढायचं. पहिल्यांदा ते सोललं आणि खाली सगळ्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या दिसल्या, तेव्हा मी खरंच ओरडले. आई बाहेर आली, पाहिलं, पानाचा चोळामोळा उचलला आणि म्हणाली, "वडीचं पान होतं हे. काळ्या देठाचं."

मग अळू झालं, पपई झाली, शेवग्याची डहाळी झाली (ती फसली, किडे चिरडल्यासारखी दिसते) आणि एक पिंपळ. पिंपळ आमच्या मागच्या भिंतीतच आहे. चार वर्षांपूर्वी कुंपणाच्या एका चिरेतून आला, आणि दर पावसाळ्यात चीर बोटभर रुंद करतो. तो उपटायला आई देत नाही, माझंही धाडस होत नाही. नव्या मुंबईत कुठेही मान वर करून पाहा, गच्चीच्या पाइपाशी, उड्डाणपुलाच्या सांध्यात, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी, कुठे ना कुठे पिंपळाचं रोप हलत असतं. जे झाड सिमेंट फोडतं त्याचंच पान सिमेंटात दाबावं, ही गंमत मला फार आवडली होती. पानाचं शेपटासारखं टोकही सुबक उमटलं. सगळ्यांत देखणी भाकरी ती, म्हणून खिडकीतून दिसेल अशा जागी, तिसरी.

ओल्या गोणपाटाखाली भाकऱ्या सात दिवस राहिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. दुपारच्या उन्हात त्या गोणपाटाचा वास यायचा आणि मला एकदम लहानपणीचा मागचा डोंगर आठवायचा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पारसिकच्या डोंगराला शिरवणे-तुर्भ्याच्या बाजूला दगडाच्या खाणी चालू होत्या. दुपारी सुरुंगाचा धक्का बसला की काचा थरथरायच्या, आणि आई न चुकता म्हणायची, "झाला यांचा चहा." संध्याकाळी तुळशीच्या पानांवर राखाडी धूळ बसलेली असायची, ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो दगड. आमच्या डोळ्यांदेखत त्याची खडी झाली, खडीचं काँक्रीट झालं, काँक्रीटचं हे सगळं शहर. आता सुरुंग ऐकू येत नाहीत, डोंगराला नुसते उभे कापलेले कडे दिसतात, पावसाळ्यात त्यांवरून पाणी उतरतं आणि लोक तिथे फोटो काढतात. मामांना विचारलं, तुमची खडी कुठली? म्हणाले, "येती ट्रकनं." मी काँक्रीटला कंटाळून माती जपली, आणि मातीत घालायला पुन्हा काँक्रीटच केलं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण एक भाकरी नऊ किलोची होती आणि मी ती स्वतः केली होती. अशा वेळी माणूस फार तत्त्वांच्या भानगडीत पडत नाही.

जपानी लोकांत चहाघराकडे जाणाऱ्या बागेत असे सुटे दगड बसवायची जुनी रीत आहे. तोबी-इशी म्हणतात त्यांना, उडते दगड. पाय दवाने, चिखलाने भिजू नयेत आणि शेवाळ तुडवलं जाऊ नये म्हणून. सोळाव्या शतकातला चहागुरू सेन नो रिक्यू म्हणायचा म्हणे, की दगड मांडताना सहा भाग चालण्याचा विचार करावा आणि चार भाग दिसण्याचा. त्याचा शिष्य ओरिबे याने ते उलटं केलं, चार भाग चालणं आणि सहा भाग दिसणं. मी हे वाचलं तेव्हा अर्थातच मनातल्या मनात रिक्यूच्या बाजूने मान डोलावली. प्रत्यक्षात मी ओरिबेच्याही पुढे गेले होते.

मांडणीचा दिवस मला लख्ख आठवतो. मेचा शेवटचा रविवार, ढग आलेले, हवा अजिबात नाही. व्हिडिओत सांगितलं होतं, एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत चोवीस इंच धरा, किंवा सरळ चालून बघा आणि पाय पडेल तिथे खूण करा. मी मागच्या दारातून तुळशीपर्यंत माझ्या नेहमीच्या चालीने चालले. नऊ पावलं. प्रत्येक पावलाशी एक काडी रोवली. टेप लावून पाहिली, जवळजवळ बरोबर चोवीस इंच! आपलं पाऊल पुस्तकातल्या पावलाएवढं आहे याचा मला उगाचच अभिमान वाटला. मग प्रत्येक काडीशी तीन बोटं खोल गोल खणला, खाली चाळलेली वाळू, ती धोपटून सपाट, वर भाकरी. डुगडुगली की उचला, वाळू सारखी करा, पुन्हा ठेवा. संध्याकाळी नवाच्या नऊ बसल्या. मी त्यांवरून तीनदा गेले, तीनदा आले. आई उंबऱ्यात उभी होती. "ये ना," मी म्हटलं. "पाऊस येऊ दे, मग बघू," म्हणाली.

पिंपळाचं ऐकल्यावर आधी मला राग आला. मग लाज वाटली, कारण हे मला सुचायला हवं होतं. जी बाई सकाळी अंथरुणातून उतरताना जमिनीला हात लावून पाय ठेवण्याबद्दल क्षमा मागते, ती पिंपळावर पाय कसा देईल? मी तिसरी भाकरी काढली, तिच्या जागी पपईवाली बसवली, आणि पिंपळाची तुळशीच्या बुडाशी उभी टेकवून ठेवली, देवळातल्या शिळेसारखी. आईने संध्याकाळी तिच्यापाशी उदबत्ती लावली. प्रश्न मिटला.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. खिडकी, तिसरी भाकरी, चपक.

या खेपेला मी काही विचारलं नाही. तसं माझंही त्या वाटेवरचं प्रेम उतरलं होतं, कारण आदल्याच आठवड्यात मी स्वतः अळवाच्या भाकरीवरून घसरून पडले होते. प्लास्टिकच्या तळाशी घडलेली बाजू गुळगुळीत असते, त्यावर महिनाभराच्या पावसाने शेवाळाचा पातळसा हात फिरवला, आणि शिरांत पाणी साचून ती आणखी निसरडी झाली. कोपराला खरचटलं. आई म्हणाली, "पाखाडीचा दगड असा कधी कोणाला पाडत नाही." तिचं माहेर राजापूरकडचं. तिथे घरातून विहिरीवर, विहिरीवरून देवळात, सगळीकडे जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वारा लागला की वर्षागणिक घट्ट होत जातो. म्हणजे सिमेंटला पाणी लागतं, जांभ्याला हवा. घट्ट झाला तरी त्याचा खडबडीतपणा जात नाही, जाळीदार असतो, पाय धरून ठेवतो. लहानपणी आम्ही त्या पाखाडीवरून धावत सुटायचो आणि आजी ओरडायची. धावताना दर पायरीला पाय कमी पडायचा, नेहमी अर्धी पायरी चुकायची, म्हणून दोन-दोन टाकत जायचो. "त्या डोक्यावर कळशी असलेल्या बाईच्या पायाने बसवल्यात," आई सांगायची. खरं होतं का कोण जाणे.

त्या दिवशी आई आत गेल्यावर मी परसात गेले. पाऊस नुकताच थांबला होता आणि चिखलावर तिच्या चपलांचे ठसे ताजे होते. तिसरीपाशी असणार हे माहीत होतं. ते पहिली आणि दुसरीच्या मधेही होते. दुसरी आणि तिसरीच्याही मधे. जास्वंदीपलीकडे, जिथे मला खिडकीतून काही दिसत नाही, तिथे सगळीकडे. प्रत्येक दोन भाकऱ्यांच्या मधल्या चिखलात एक ठसा, आणि नेहमी उजव्या चपलेचा. डावा पाय भाकरीवर, उजवा चिखलात, मग डावा पुढच्या भाकरीवर, उजवा पुन्हा चिखलात. एकदोन ठिकाणी उजव्याच्या मागे लांबट ओरखडा होता, पाय उचलण्याऐवजी ओढल्याचा. मी आतून टेप आणली. उकिडवी बसून भाकरीवरच्या डाव्या पावलापासून पुढच्या उजव्या ठशापर्यंत मोजलं. एवढं-तेवढं धरून सोळा-सतरा इंच.

नळाखाली तिच्या चपला धुऊन, तळवे वर करून, पाणी निथळायला लावलेल्या होत्या. चिखलाचा मागमूस नाही.

बाबा फार भरभर चालायचे. १९९२ साली रेल्वे वाशीपर्यंत आली, नेरुळला पुढच्या वर्षी, आणि तेव्हापासून आम्ही कुठेही निघालो की स्टेशनपर्यंतचा तो रस्ता म्हणजे एक ठरलेलं दृश्य असायचं. पुढे बाबा, त्यांच्या मागे जवळजवळ पळत मी, आणि पन्नास पावलं मागे, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली आई. कोपऱ्यावर बाबा थांबायचे, घड्याळ बघायचे, ती पोचली की लगेच पुन्हा चालायला लागायचे. म्हणजे त्यांना विसावा मिळायचा, तिला कधीच नाही. पाचवारी साडीत, हातात वजन घेऊन माणूस किती लांब पाऊल टाकू शकतो याचा त्यांनी बहुधा कधी विचार केला नाही. वाईट नव्हते ते. नुसते पुढे असायचे. कॉलेजात असताना एकदा मी मुद्दाम मागे राहून आईबरोबर चालले आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बाबांकडे असं काही बघितलं, की ते चिडलेच. त्या रात्री मी आईला म्हटलं होतं, मी कधी तुला मागे टाकणार नाही. ती भाजी निवडत होती. "आधी तू चालायला शीक," म्हणाली. त्या दिवसांत मला रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायची सवय नव्हती.

उंचीने मी बाबांवर गेलेय. पायांनीही.

गुडघ्याबद्दल मी तिला त्या रात्री विचारलं. थेट नाही, टीव्ही बघता बघता, काकूच्या ऑपरेशनचा विषय काढून. तिने रिमोट उचलून आवाज वाढवला. जाहिरात चालू होती. "दुखतो का गं उजवा?" "कोणाचा नाही दुखत?" "कधीपासून?" तिने उत्तर दिलं नाही, पण थोड्या वेळाने, पडद्याकडेच बघत म्हणाली, "तू एवढ्या हौसेने केलंस. मे महिनाभर हात भाजून घेतलेस. तुला काय सांगायचं, की बाई, मला लांब पडतंय?" आणि मग, जणू तेच खरं कारण होतं अशा आवाजात, "आणि पिंपळ होताच ना."

डॉक्टर, एक्स-रे, गोळ्या, ते सगळं यथासांग झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की अठरा फुटांत सतरा इंचांचा हिशोब केला तर तेरा भाकऱ्या लागतात आणि माझ्याकडे नऊ होत्या. चार नव्या करायच्या म्हणून जिन्याखालची सिमेंटची गोण ओढली, तर ती हलेना. अर्ध्याहून जास्त उरली होती. तोंड मी नुसतं पिळून ठेवलं होतं, आणि जुलैच्या हवेतली ओल पिऊन पिऊन ती आतल्या आत दगड झाली होती. गोणीच्या घड्यांसकट, शिवणीसकट. मामांना दाखवली तर ते पोट धरून हसले. पलीकडचं काम तोवर प्लास्टरपर्यंत आलं होतं. त्यांनी एका घमेल्यात तयार मालच दिला, आणि या खेपेला पानं न लावता वरून खराटा ओढायला सांगितलं, पाय धरायला. गोणीचा दगड आम्ही दोघांनी लोटत लोटत तुळशीपाशी नेला. आई आता पाणी घातल्यावर त्यावर टेकते.

जुन्या नऊ मी सगळ्या उपटल्या आणि उलट्या केल्या. पानं खाली, मातीकडे. वर थापीने ओढलेली ओबडधोबड पाठ. शिळा म्हणून मिरवणारी पिंपळाची भाकरीही हिशोबात धरावीच लागली, नाहीतर बारा झाल्या असत्या. मांडायच्या आधी मी आईला चिखलातून एकदा चालायला लावलं. तिला ते फार विनोदी वाटलं. "अशी चालू की नेहमीसारखी?" नेहमीसारखी, म्हटलं. ती अर्ध्यात अडखळली, कारण कोणी बघत असताना नेहमीसारखं चालणं कोणालाच जमत नाही. दुसऱ्यांदा मी तोंड फिरवून उभी राहिले. तेरा काड्या तिच्या ठशांवर रोवल्या. ओळ सरळ आली नाही. तिची चाल जास्वंदीपाशी थोडी डावीकडे वळते, मला वाटतं आधाराला फांदी हाताशी राहावी म्हणून. ती वळू दिली.

आता त्या वाटेवरून जायला मलाच त्रास होतो. एकेक टाकावी तर पावलं पायात येतात, एक सोडून एक टाकावी तर उडी होते. सकाळी घाईत असले की माझ्याच चपला चिखलात जातात.

श्रावणातला पहिला सोमवार होता. मी मुद्दाम खिडकीत न थांबता मागच्या दारात उभी राहिले. आई तांब्या घेऊन निघाली, उंबरा उतरली आणि पहिल्या भाकरीवर थांबली.

"पिंपळाची कुठली गं यातली?"

मी बघितलं. सगळ्यांची पाठ सारखीच, राखाडी, त्यावर मुंग्यांची एक रांग. मांडताना मी खूण करून ठेवली नव्हती. "आठवत नाही," म्हटलं, आणि ते खरं होतं.

ती थोडा वेळ त्या तेरांकडे बघत राहिली. वाकता येत नाही, म्हणून मोकळ्या हाताची बोटं तिने हवेतच खाली केली, छातीला लावली, ओठ हलले. मग उजवा पाय उचलला.